इंजिनासोबत त्याची किल्लीही द्या : इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

वाहनांची इंजिनं आखणाऱ्या, बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या सर्व कंपन्यांच्या अभियंत्यांना आणि व्यवस्थापनाला,

सप्रेम नमस्कार.

माझ्याकडे एक जुनी फोर-बाय-फोर गाडी आहे, 1980 च्या दशकातली. शिडीसारखी चॅसी, चारही चाकांना पाटे, पुढे आणि मागे अखंड अ‍ॅक्सल, चार गिअरचा गिअरबॉक्स आणि त्याच्यामागे हाय-लोची ट्रान्स्फर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला वाटणारी पेटी; तिच्यात ‘लो’ लावलं की गाडी हळू पण जास्त जोराने ओढते. तिचं मूळ डिझेल इंजिन दोनदा बोअर करून झालं होतं. तिसऱ्यांदा स्लीव्ह घालायला घेतलं तेव्हा ब्लॉकला पाण्याच्या जॅकेटजवळ तडा निघाला आणि तो विषय संपला. बाकीची गाडी मात्र धडधाकट होती. चॅसी सरळ, अ‍ॅक्सल सरळ, गिअरच्या दातांवर अजून धार. अशा गाडीपुढे दोनच वाटा असतात: एक भंगाराची, दुसरी नव्या इंजिनाची. मी दुसरी धरली. या पत्रातलं बहुतेक सगळं त्या वाटेवर चालताना कळलेलं आहे.

मागणी आधीच सांगून टाकतो. आपण बनवलेलं इंजिन जुन्या गाडीत बसवायचं असेल तर त्याच्यासोबत त्याचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक), स्वतंत्र वायरिंग, मापांचं रेखाचित्र आणि त्या ईसीयूला बाहेरून कोणते सिग्नल लागतात याची माहिती, हे सगळं सरळ मार्गाने, विकत का होईना, मिळायला हवं. आज ते मिळत नाही. मिळतं ते नुसतं लोखंड.

असं इंजिन बसवणारे लोक म्हणजे शर्यतीचा नाद असलेली मंडळी, असा समज आहे. तशीही असतात. पण मला भेटलेल्या बहुतेकांना वेग नको असतो. त्यांना हवं असतं सकाळी पहिल्या चावीला सुरू होणारं, चढावर धाप न लागणारं, ज्याचे सुटे भाग अजून बनतात असं इंजिन. रस्ता संपल्यानंतरच्या जागी गाडी बंद पडणं म्हणजे काय, हे अनुभवलेला माणूस अश्वशक्तीच्या आकड्यांवर भाळत नाही.

मी निवडलेलं इंजिन मागून ठोकर बसलेल्या एका पिकअपमधलं होतं. चार सिलिंडर, टर्बो, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून खूप दाबाचं डिझेल), मालकीचे कागद चोख. ते उतरवून जुन्या चॅसीवर टेकवलं त्या दिवसापासून लोखंडाचं काम सुरू झालं, आणि त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. आपल्या माहितीच्या कागदावर कोणती मापं हवीत, ते त्यातून आपोआप कळेल.

पहिला अडथळा ऑइल चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा. पिकअपला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन होतं, त्यामुळे चेंबरचा खोल भाग इंजिनाच्या पुढच्या बाजूला होता. माझ्या गाडीत नेमकं त्याच्याखाली पुढच्या अ‍ॅक्सलचं हाउसिंग येतं, आणि ते एका जागी थांबत नाही. चाक दगडावर चढलं की हाउसिंग वर येतं. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना चेंबर आणि अ‍ॅक्सल यांच्यात हाताचा पंजा सहज जात होता. जॅक लावून पाटे पूर्ण दाबले तर बोटही जाईना. चेंबर कापून खोल भाग मागे नेला, तेल ओढणारी नळी तितकीच मागे वळवली, तेलाचं एकूण माप कमी होऊ दिलं नाही. मग पुढचा प्रश्न. खोल भाग मागे असला की चढावर तेल तिथे आपोआप जमतं, पण तीव्र उतारावर ते पुढे धावतं आणि नळीचं तोंड उघडं पडतं. दोन-चार सेकंद हवा ओढली गेली तरी बेअरिंगला पुरेसं नुकसान होतं. म्हणून आत झडपेचे पडदे बसवले, तेल मागे येऊ देणारे आणि पुढे पळू न देणारे. हे इंजिन किती अंशाच्या चढ-उतारावर किती वेळ तेलाचा दाब टिकवतं, याची चाचणी आपण नक्कीच केलेली असणार. तो आकडा मला कुठेही सापडला नाही.

दुसरं काम बेल हाउसिंगचं, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या, क्लच झाकणाऱ्या कवचाचं. नव्या इंजिनाचे बोल्ट आणि जुन्या गिअरबॉक्सचे बोल्ट जुळत नाहीत, म्हणून मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट येते. भोकं पाडणं सोपं असतं. खरी परीक्षा असते ती क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एका रेषेत आणण्याची. डायल गेज लावून फिरवलं की काटा मिलिमीटरच्या साधारण आठव्या हिश्श्यापेक्षा जास्त हलता कामा नये. त्याहून जास्त हलला तर गाडी चालेल, काही हजार किलोमीटर चालेलही, मग एक दिवस पायलट बेअरिंग किंवा इनपुट शाफ्टचं बेअरिंग ओरडायला लागेल आणि दोष गिअरबॉक्सच्या माथी जाईल. आमची पहिली प्लेट टाकून द्यावी लागली. दुसरी डॉवेल पिनांसकट (मध्य जुळवून धरणाऱ्या खुंट्या) पुन्हा करून घेतली. क्लचप्लेट नव्या इंजिनाच्या व्यासाची आणि मधला स्प्लाइन जुन्या गिअरबॉक्सचा, अशी जोडून घेतली. डॉवेलच्या भोकांची नेमकी जागा आपल्या रेखाचित्रात असतेच. ती मिळाली असती तर पहिली प्लेट वाया गेली नसती.

मग स्टिअरिंग. पिकअपचं पॉवर स्टिअरिंग विजेवर चालणारं होतं, त्यामुळे इंजिनावर हायड्रॉलिक पंपाला जागाच नव्हती. ब्रॅकेट बनवलं, पंपाला पुली जुळवली, लांब पट्टा शोधला. ब्रेकच्या बूस्टरसाठी व्हॅक्यूम पंप सुदैवाने कॅमशाफ्टच्या टोकाला होता. पंखा विजेचा ठेवला, आणि तो बंद करायला हाताशी एक स्विच दिला. फिरता पंखा पाण्यात बुडाला की पाती पुढे वाकून रेडिएटरला लागू शकतात, आणि आम्हाला ओढे ओलांडावे लागतात.

इंधनाच्या बाबतीत कुणी घाई करू नये असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. 1997 मध्ये कॉमन रेल पहिल्यांदा मोटारीत आलं तेव्हा रेलमधला दाब सुमारे 1350 बार होता. आता तो 2000 बारच्या वर गेला आहे. इंजेक्टरच्या आतल्या फटी दोन-चार मायक्रॉनच्या असतात. त्याला चाळीस वर्षांच्या टाकीतला गंज पाजणं म्हणजे नव्या इंजिनाचा खूनच. मी टाकी बदलली, नळ्या बदलल्या, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावला, परतीची नळी नव्याने ओढली.

आणि ताकद. हा हिशेब प्रत्येकाने कागदावर मांडावा. माझ्या गाडीत पहिला गिअर, लोचा रेशो आणि डिफरन्शियलचा रेशो यांचा गुणाकार जवळपास 40 येतो. जुनं इंजिन फार तर 150 न्यूटन-मीटर टॉर्क द्यायचं, म्हणजे घर्षणाचा तोटा सोडला तर चाकांपर्यंत 6000. नवं 350 देतं, म्हणजे 14000. अ‍ॅक्सल शाफ्ट तेच, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस तेच. टायर घसरतात म्हणून शाफ्ट वाचतात. चाक दोन दगडांमध्ये अडकलं की वाचणार नाहीत. मला टॉर्क कमी करून हवा आहे. खालच्या गिअरमध्ये 220 च्या वर जाऊ नये, एवढंच. तेही ईसीयूच्या आत शिरता येणाऱ्यालाच करता येतं, आणि ईसीयूचं दार बंद आहे. ब्रेक मात्र मी बदलले. पुढचे ड्रम काढून डिस्क लावल्या, मगच इंजिन सुरू करायला परवानगी दिली. ते करायला कुणाच्या पासवर्डची गरज नव्हती.

हे सगळं काम अकरा आठवड्यांत झालं. अडलं, चुकलं, पुन्हा केलं, पण पुढे सरकत राहिलं. लोखंडावर गेज लावलं की उत्तर मिळतं.

घोडं पेंड खातं ते इथून पुढे.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं आणि दोन सेकंदांत बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा दोन सेकंद. इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा. ईसीयूला पिकअपची चावी, चावी ओळखणारं मॉड्यूल आणि मीटरचा पॅनेल या तिघांची साक्ष हवी होती. पिकअप भंगारात गेली होती. नशिबाने तिघंही शोधून आणता आले. ते तिघं आता माझ्या डॅशबोर्डच्या मागे टेपने गुंडाळून ठेवलेले आहेत. त्यांचं काम फक्त एकच, ईसीयूला खात्री देत राहणं की तू अजून पिकअपमध्येच आहेस. जुन्या गाडीत, धूळ आणि पाण्यात, तीन जादा मॉड्यूल आणि त्यांचे चाळीसेक जोड. त्यातला एक जोड सैल झाला तर गाडी उभी राहील तिथे उभी.

मग वेग. चाकांचा वेग ईसीयूला एबीएसच्या मॉड्यूलकडून कॅनच्या (गाडीतली मॉड्यूल ज्यावरून आपसात बोलतात त्या जाळ्याच्या) दोन तारांवरून येतो. माझ्या गाडीला एबीएस नाही. वेग आला नाही की ईसीयू दोष नोंदवतो आणि इंजिनाची ताकद कापतो. मी स्पीडोमीटरच्या केबलवर सेन्सर बसवला, त्याचे ठोके मोजून एबीएससारखा संदेश पाठवणारं एक छोटं सर्किट लावलं. संदेशाचा नेमका आकार अंदाजाने, चुकत-चुकत शोधला. हाय गिअरमध्ये ते चाललं. त्या दिवशी आम्ही सगळे फार खूश होतो.

पुढच्या रविवारी लो लावून चढाला लागलो. अर्ध्या चढावर इंजिनाने हात आखडता घेतला. ईसीयू इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग यांच्या भागाकारावरून कोणता गिअर पडला आहे ते ओळखतो. पिकअप फक्त मागची चाकं फिरवणारी होती, तिच्यात लो नव्हतंच. ईसीयूला माहीत असलेल्या कुठल्याच गिअरमध्ये न बसणारा भागाकार आला, त्याने तो बिघाड मानला आणि ताकद कमी केली. उजवीकडे घळ होती. मी क्लच दाबला नाही, ब्रेक धरून इंजिन बंद केलं, रिव्हर्स टाकला आणि त्याच गिअरमध्ये पुन्हा सुरू करून इंचाइंचाने खाली आलो. शेजारी बसलेले माझे मिस्त्री, ज्यांच्या हाताखाली मी पाना धरायला शिकलो, खाली येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. नंतर एवढंच म्हणाले, “इंजिन चांगलं आहे रे. त्याला कुणी सांगितलंच नाही की ते कुठे आहे.”

याच इंजिनाची फोर-बाय-फोर आवृत्ती आपण विकता. तिच्या ईसीयूला ट्रान्स्फर केसवरच्या स्विचची एक तार जाते. लो लावलं की तो वेगळा हिशेब करतो. म्हणजे उत्तर तयार आहे. ते सॉफ्टवेअर माझ्या ईसीयूत भरा अशी विनंती मी अधिकृत सेवा केंद्रात केली. चॅसी नंबर वेगळा आहे, यंत्रणा स्वीकारत नाही, असं उत्तर मिळालं. कंपनीला पत्र लिहिलं. अशा वापराला आम्ही पाठिंबा देत नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं. ते इंजिन कोणत्या कंपनीचं ते मी इथे लिहीत नाही, कारण इतरांशी बोलल्यावर दिसलं की अनुभव सगळीकडे जवळपास हाच आहे.

पूर्वी असं नव्हतं. 1989 मध्ये डिस्कव्हरीबरोबर आलेलं लँड रोव्हरचं 200 टीडीआय इंजिन किती जुन्या सिरीज लँड रोव्हरना नवं आयुष्य देऊन गेलं! इंधनाचा पंप यांत्रिक, आणि सुरू झाल्यावर चालत राहायला एकच तार पुरे: इंधन बंद करणाऱ्या सोलेनॉइडची. 1998 मध्ये टीडी-5 आलं ते ईसीयूवर चालणारं, आणि तेच काम एकदम वायरिंगचं काम झालं. दुसरं उदाहरण शेव्हरोलेटचं. 1955 च्या व्ही-8 पासून 1997 च्या एलएस-1 पर्यंत बेल हाउसिंगच्या बोल्टांची मांडणी जवळजवळ तीच राहिली, म्हणून चाळीस वर्षं जुन्या गिअरबॉक्सवर नवं इंजिन चढवता आलं. कुणीतरी आरेखनाच्या टेबलावर तो निर्णय दरवेळी टिकवला, आणि त्याचे आभार मानणारी माणसं आजही आहेत.

इलेक्ट्रॉनिक्सला माझा विरोध नाही, हे स्पष्ट सांगतो. कॉमन रेल इंजिन थंडीत ज्या सहजतेने सुरू होतं, उंचीवर काळा धूर न ओकता जसं चालतं, ते यांत्रिक पंपाला जमणारं नव्हतं. मला ईसीयू हवाच आहे. तो बोलका हवा आहे.

आता आपल्या बाजूने येणाऱ्या हरकती. त्या मी मनातल्या मनात अनेकदा ऐकल्या आहेत आणि त्यांतली एकही फालतू नाही.

सर्वांत मोठी हरकत प्रदूषणाची. ईसीयू उघडला की लोक पहिल्यांदा डिझेलचा पार्टिक्युलेट फिल्टर काढतील, ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा) बंद करतील. खरं आहे, काही जण करतील. पण आज काय होतं ते पाहा. माझ्या इंजिनाचा फिल्टर मी ठेवला आहे. त्यात साठलेली काजळी जाळायला आतलं तापमान सुमारे 600 अंश सेल्सिअसपर्यंत न्यावं लागतं, आणि ईसीयू ते करायला गाडीचा खरा वेग मागतो. वेगाचा संदेश नसताना माझा फिल्टर एकदाही स्वतःहून साफ झाला नाही. तो तुंबला, पाठीमागचा दाब वाढला, इंजिन पुन्हा मंदावलं. मी त्या सर्किटने वेग पाठवून त्यातून मार्ग काढला. ज्याला ते सर्किट बनवता येत नाही, तो काय करेल? तो फिल्टर कापून सरळ पाइप लावेल, आणि एखादा अनोळखी माणूस लॅपटॉप लावून ईसीयूतून फिल्टरचं नावच पुसून देईल. म्हणजे माहिती कोंडून ठेवल्यामुळे धूर वाढतो आहे. युरोपच्या धुराच्या नियमांतल्या युरो 1 मध्ये, 1992 साली, डिझेल मोटारीला किलोमीटरमागे 0.14 ग्रॅम कणांची मुभा होती; 2014 च्या युरो 6 मध्ये ती 0.0045 ग्रॅमवर आली. तीस पटींचा फरक. माझी जुनी गाडी तर युरो 1 च्याही आधीची. तिच्यात आपलं इंजिन त्याच्या सर्व फिल्टर-सेन्सरांसह नीट चालू लागलं तर हवेसाठी त्याहून चांगलं काय? (जुन्या गाडीत बसलेलं इंजिन कारखान्यातल्या मोजमापाइतकंच स्वच्छ राहील असा माझा दावा नाही. पण फिल्टर काम करत असला तर त्याचा धूर जुन्याच्या धुराच्या जवळपासही जाणार नाही.)

नियम याच्या आड येतात असंही म्हणता येत नाही. कॅलिफोर्नियात, जिथे धुराचे नियम फार कडक आहेत, तिथेही इंजिन बदलता येतं. अट अशी की इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्याहून नवं असावं, त्याच्या वर्षाची सगळी प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा सोबत बसवावी आणि ती तपासून घ्यावी. शहाणी अट आहे. ती पाळायची तर ती यंत्रणा चालवायची माहिती लागते.

चोरीची हरकतही मला मान्य आहे. इमोबिलायझरची गुपितं जाहीर करा असं मी म्हणत नाही. इंजिनाचा नंबर, ईसीयूचा नंबर, मूळ गाडी रद्द झाल्याचे कागद आणि नव्या मालकाची ओळख तपासून, आपल्याच केंद्रात, तो ईसीयू एका नव्या चावीशी बांधून द्या. चोराला कागद दाखवता येत नाहीत. उलट आज ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांनाच चोरवाटेने जावं लागतं.

जबाबदारीचं म्हणाल तर ती लिहून घ्या. इंजिन बसवलेल्या गाडीच्या ब्रेकची, चॅसीची, वजनाची जबाबदारी बसवणाऱ्याची. स्वतंत्र तपासणी झाल्याशिवाय ईसीयूचं अंतिम सॉफ्टवेअर देऊ नका, असंही ठरवता येईल. मी अशा तपासणीला आनंदाने जाईन. माझ्या कामात कुणाला चूक दिसली तर ती मला रस्त्यावर कळण्याआधी कळलेली बरी.

हे सारं स्वप्नरंजन आहे असं कुणी म्हणू नये, कारण आपल्यातल्याच काहींनी ते केलं आहे. जनरल मोटर्सने 2010 च्या सुमारास ई-रॉड नावाने इंजिनाचे संच विकायला काढले. इंजिन, ईसीयू, वायरिंग, अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल, ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंधनाच्या वाफा धरणारा डबा, सगळं एका संचात, कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मान्यतेसह. कमिन्सने 2017 च्या सुमारास आर 2.8 हे 161 अश्वशक्तीचं डिझेल इंजिन खास जुन्या गाड्यांसाठी ईसीयू, वायरिंग आणि पेडलसकट आणलं. त्या इंजिनाला इमोबिलायझरची साक्ष लागत नाही, एबीएसची लागत नाही. एका मित्राच्या गाडीत ते बसवताना मी दोन दिवस मदतीला होतो. तारांचं काम दुसऱ्या दिवशी दुपारी संपलं. मी तेव्हा घरी जाऊन माझ्या डॅशबोर्डमागची ती टेपची गाठोडी बराच वेळ बघत बसलो होतो.

प्रत्येक इंजिनाचा असा संच काढा, एवढी मोठी अपेक्षा मी धरत नाही. फोर-बाय-फोर गाड्यांमध्ये आधीच बसणारं एखादं मध्यम इंजिन निवडा, ज्याचे भाग पुढची पंधरा-वीस वर्षं बनणार आहेत. त्याला मागे खोल भाग असलेला दुसरा चेंबर द्या. हायड्रॉलिक पंपाची जागा ओतीव भागातच ठेवा, आत्ता वापरायची नसली तरी. पार्टिक्युलेट फिल्टर कुठे बसेल, इंजिनापासून किती लांब चालेल, त्याच्याभोवती उष्णतेचा पत्रा किती अंतरावर हवा ते सांगा. वाळलेल्या गवतात उभ्या गाडीखाली तापलेला फिल्टर ही आग लागायची गोष्ट आहे. रेडिएटर आणि इंटरकूलरला किती उष्णता बाहेर टाकावी लागेल तो आकडा द्या. आणि ईसीयूला चार साध्या तारा द्या: वेगाचे ठोके घेणारी एक, लो लावल्याचं सांगणारी एक, फिल्टर हाताने साफ करायला स्विचची एक, आणि जुन्या मीटरच्या काट्यांना फेरे पुरवणारी एक. टॉर्कची वरची मर्यादा बसवणाऱ्याला कमी करता यावी, वाढवता येऊ नये. एवढं केलंत तर माझ्यासारख्याला आपल्या सॉफ्टवेअरच्या एका ओळीलाही हात लावायचं कारण उरणार नाही.

जी इंजिनं आधीच विकली गेली आहेत, ज्यांच्या मूळ गाड्या अपघातात संपल्या पण जी स्वतः अजून लाखभर किलोमीटर चालतील, त्यांच्यासाठी वायरिंगचा नकाशा आणि कॅनवरच्या मोजक्या संदेशांची यादी पुरेल. बॉशने कॅन जगापुढे मांडलं ते 1986 मध्ये. तारांवर कसं बोलायचं हे सगळ्यांना माहीत आहे. कोणत्या शब्दाचा काय अर्थ, तेवढंच प्रत्येक कंपनीने स्वतःकडे ठेवलं आहे. हे संदेश दुरुस्तीचीच माहिती आहेत. गाडी आपण बनवली असली तरी दुरुस्त ती इतरांनाही करावी लागते.

मी माझ्या परीने सुरुवात केली आहे. माझ्या अ‍ॅडॉप्टर प्लेटची मापं, कापलेल्या चेंबरचं रेखाचित्र, पडद्यांच्या जागा, पंपाचं ब्रॅकेट, वेगाच्या संदेशाबद्दल जे शोधता आलं ते, फसलेल्या प्रयत्नांसह, मी वहीत नीट उतरवून ठेवलं आहे. आपल्या कुठल्याही अभियंत्याला हवं असेल तर सगळं देईन. बदल्यात एका प्रश्नाचं उत्तर द्या: माझ्या ईसीयूला लो लावल्याचा सिग्नल कोणत्या पिनवर द्यायचा, आणि तो पिन जागा करणारं सॉफ्टवेअर कोणत्या कागदांवर मिळेल? इंजिनाचा नंबर, ईसीयूचा नंबर आणि मालकीचे कागद तयार आहेत. तोपर्यंत गाडी मी सपाट रस्त्यावरच चालवतो आहे. लो लावून तिला चढावर नेत नाही.

आपला नम्र,
एका जुन्या फोर-बाय-फोरचा मालक